दूध ही कमी प्रतीची शिकवण नव्हे : पाळकांना आणि बाप्तिस्मा वर्गांच्या शिक्षकांना खुले पत्र

मराठी मंडळ्यांचे पाळक, ख्रिस्तसभेचे धर्मगुरू, शब्बाथशाळांचे शिक्षक आणि बाप्तिस्मा व दृढीकरण वर्गांचे पाठ ठरवणाऱ्या समित्यांचे सभासद यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आपल्या प्रार्थनासभांत आणि शास्त्राभ्यासाच्या वर्गांत एक वाक्य फार सहज वापरले जाते : "त्या अजून दुधावरच आहेत", म्हणजे प्राथमिक शिकवणीवरच. नव्याने बाप्तिस्मा घेतलेली माणसे, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या वयस्क बहिणी, सभेत मागच्या बाकावर गप्प बसणारे सभासद यांच्याबद्दल ते बोलले जाते, आणि ज्यांनी एखादा अभ्यासक्रम पुरा केला, ज्यांना भविष्यवाणीचे तक्ते उलगडून सांगता येतात, ते आपोआप जड अन्नाच्या, म्हणजे खोल शिकवणीच्या, पंगतीला बसतात. काही ठिकाणी तर गटच तसे पाडले जातात आणि एका गटाला जे सांगायचे ते दुसऱ्याच्या कानी पडू नये, याची काळजी घेतली जाते. मी बाप्तिस्मा वर्गात शिकवते आणि नवा करार ग्रीक भाषेतून वाचते. ही वाटणी प्रेषितांच्या लिखाणातून निघत नाही, आणि पहिल्या काही शतकांतील मंडळीने दुधाला जो मान दिला होता त्याच्या ती थेट विरुद्ध जाते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

दुधासाठी ग्रीक शब्द 'गाला' असा आहे आणि तो नव्या करारात पाच वेळा येतो. त्यांपैकी 1 करिंथ 9:7 मध्ये तो अगदी सरळ अर्थाने आहे : कळप राखणारा कळपाचे दूध पितो, तसा शुभवर्तमानाची सेवा करणाऱ्याला निर्वाहाचा हक्क आहे, एवढेच पौलाला तेथे म्हणायचे आहे. उरलेली चार स्थळे आपल्या विषयाची आहेत. 1 करिंथ 3:2 मध्ये पौल म्हणतो की मी तुम्हाला दूध पाजले, जड अन्न दिले नाही, कारण ते पचवण्याची ताकद तुमच्यात नव्हती आणि अजूनही नाही. हे एकच वचन उचलून आपण माणसांची प्रतवारी करतो, पण त्याच्या पुढचीच दोन वचने क्वचित वाचतो. करिंथकरांना बालक का म्हटले, याचे कारण पौल लगेच देतो : तुमच्यात हेवा आणि कलह आहे, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा, म्हणजे पौलानंतर तेथे शिकवणाऱ्या उपदेशकाचा. त्यांच्याकडे ज्ञान कमी होते असे तो म्हणत नाही. उलट पत्राच्या आरंभीच, सर्व प्रकारच्या बोलण्यात व ज्ञानात ते संपन्न झाले आहेत, अशी तो साक्ष देतो. बाळपण दिसते ते चढाओढीत, कोण कोणापेक्षा वरचा हे ठरवण्याच्या सवयीत. तेव्हा जी मंडळी आपल्या सभासदांचे दुधाचे आणि जड अन्नाचे असे दोन वर्ग पाडते, ती पौलाच्या मापाने स्वतःच दुधावर असल्याचे दाखवून देते.

त्या काळच्या ग्रीक जगात ही प्रतिमा शाळेतली, रुळलेली होती. अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फिलो प्राथमिक शिक्षणाला दूध आणि तत्त्वज्ञानाला प्रौढांचे अन्न म्हणतो. स्तोइक या तत्त्वज्ञान-पंथाचा शिक्षक एपिक्तेतस आपल्या शिष्यांना, तान्ह्या मुलांसारखे दूध तोडून आता जड अन्न घ्यायचे की नाही, असे खडसावतो. पौलाने हीच शिडी हातात घेतली, पण तिचा उपयोग त्याने वेगळा केला. दूध पाजले म्हणताना तो स्वतः पाजणाऱ्या आईच्या किंवा दाईच्या जागी बसतो. थेस्सलनीकाकरांस लिहिताना तर तो ती उपमा उघडच घेतो, की आपल्या मुलांना जोपासणाऱ्या आईसारखे आम्ही तुमच्यात वागलो. शिवाय त्याच्या वाक्यरचनेत एक धागा आहे, जो आपल्या भाषांतरांत साहजिकच दिसत नाही. 'पाजले' यासाठी त्याने जे क्रियापद वापरले, तेच चार वचने पुढे 'मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले' येथे येते, आणि तेच बाराव्या अध्यायात 'आपण सर्व एकाच आत्म्याने संचारित झालो', शब्दशः 'आपणा सर्वांना एकच आत्मा पाजण्यात आला', या ठिकाणी येते. पौलाचे दूध, अपुल्लोसाचे पाणी आणि सगळ्या शरीराला मिळालेला आत्मा यांना एकाच क्रियापदाने जोडणारा लेखक दुधाला हीन कसा लेखील?

इब्री लोकांस पत्रातील दोन वचने (5:12-13) अधिक कडक आहेत, हे मी झाकू इच्छित नाही. एवढ्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण तुम्हालाच पुन्हा मुळाक्षरे शिकवण्याची गरज आहे, तुम्हाला दूध हवे, जड अन्न नको, असे लेखक म्हणतो आणि ती खरोखर कानउघाडणी आहे. पण ती साऱ्या मंडळीची आहे. तिच्यातल्या एका भागाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय त्यात नाही. आणि जड अन्न कोणासाठी, तर वहिवाटीने ज्यांची ज्ञानेंद्रिये चांगले आणि वाईट ओळखण्यास सरावली आहेत त्यांच्यासाठी. हे रोजच्या जगण्यातून येणारे शहाणपण आहे, आणि ते ज्या आजीबाईंना आपण दुधावर ठेवले आहे त्यांच्यापाशी पुष्कळदा आपल्यापेक्षा अधिक असते.

चौथे स्थळ पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे आणि माझी सगळी विनंती त्यावर उभी आहे. नुकत्याच जन्मलेल्या बालकांसारखी दुधाची ओढ धरा, म्हणजे त्याने तुमची तारणाकडे वाढ होईल, असे पेत्र सांगतो. येथे जड अन्नाचा उल्लेखच नाही. दूध सोडून पुढे जा, असे तो म्हणत नाही. वाढायचे ते याच दुधावर. त्या दुधाला त्याने दोन विशेषणे लावली आहेत, 'लोगिकॉन' आणि 'आदोलॉन'. पहिले 'लोगॉस' म्हणजे वचन या शब्दाच्या कुळातले आहे, आणि आदल्या अध्यायात पेत्राने नुकतेच म्हटलेले आहे की तुमचा नवा जन्म देवाच्या जिवंत वचनाने झाला. ज्याने जन्म दिला तेच आता पाजते. दुसऱ्याचा अर्थ निर्भेळ. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या त्या काळच्या कागदपत्रांत हा शब्द भेसळ नसलेल्या धान्यासाठी आणि द्राक्षारसासाठी येतो, आणि दाईशी केलेल्या करारांत तिने आपले दूध बिघडू देऊ नये, अशी अट घातलेली आढळते. म्हणजे पेत्राचे पहिले वाचक निर्भेळ दुधाचे मोल घरातल्या पाळण्यापासून ओळखत होते. त्याच्या आदल्याच वचनात, सर्व कपट टाकून द्या, असे आहे, आणि 'कपट' व 'निष्कपट, निर्भेळ' हे ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत. पुढे, प्रभू किती चांगला आहे याची तुम्ही रुची घेतली आहे, असे म्हणताना पेत्र चौतिसाव्या स्तोत्राकडे वळतो, म्हणजे दूध पिणारे मूल प्रत्यक्ष प्रभूचीच चव घेत आहे.

दुधावरून माणसे हिणवण्याची खोड आजची नाही. दुसऱ्या शतकात स्वतःला विशेष ज्ञानी आणि आत्मिक म्हणवणारे पंथ होते, आणि ते साध्या विश्वासणाऱ्यांना बालके समजत. त्यांना उत्तर देण्यासाठी अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट याने आपल्या 'पायदागोगोस' (बालकांचा मार्गदर्शक) या ग्रंथाच्या पहिल्या भागात एक लांबलचक अध्याय लिहिला. आमचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आम्ही प्रकाशित होतो, पुत्र होतो, पूर्ण होतो, असे तो आग्रहाने मांडतो. बाप्तिस्म्यानंतर काही निवडक लोकांसाठी वेगळे पूर्णत्व राखून ठेवलेले नाही. मग तो त्या काळच्या वैद्यकाकडे वळतो. मातेचे रक्तच पालटून दूध होते, असे ॲरिस्टॉटलपासूनचे वैद्य आणि निसर्गज्ञ मानत. तेव्हा क्लेमेंट विचारतो की दूध आणि रक्त एकच असेल, तर दूध देणारा आणि आपले रक्त देणारा ख्रिस्त दोन कसे असतील? ते शरीरशास्त्र आज टिकत नाही, पण त्यावर उभारलेला विचार मला अजूनही अतिशय खोल वाटतो : सर्वांत लहानाला मिळते तेही देवाचे सर्वस्वच असते. वचन हे बाळाला पिता, माता, शिक्षक, दाई असे सगळे काही आहे, असे तो म्हणतो, आणि पित्याच्या प्रेमाच्या स्तनांतून हे दूध मिळते, असे लिहिण्यास तो कचरत नाही. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या स्तोत्रात ख्रिस्ताला 'स्वर्गीय दूध' म्हणून हाक मारली आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की क्लेमेंटनेच आपल्या दुसऱ्या ग्रंथात दूध म्हणजे प्राथमिक शिक्षण आणि अन्न म्हणजे गूढ दर्शन असा पायऱ्यांचा अर्थही केला आहे, आणि त्याच्यानंतरचा अलेक्झांड्रियाचा धर्मशास्त्री ओरिगेन याने तो पुढे नेला. परंपरा एकसुरी नव्हती. पण माणसांना हिणवण्यासाठी दुधाचा उपयोग होऊ लागला, तेव्हा क्लेमेंट कोणत्या बाजूला उभा राहिला हे स्पष्ट आहे.

ल्योंचा बिशप इरेनियस याच सुमारास म्हणजे 180 च्या आसपास आणखी एक पाऊल टाकतो. देवाने माणसाला सुरुवातीलाच परिपूर्ण का केले नाही, या प्रश्नाला तो आईचे उदाहरण देतो : आई तान्ह्याला मोठ्यांचे अन्न देऊ शकते, पण तान्हे ते घेऊ शकत नाही. म्हणून पित्याची परिपूर्ण भाकर असलेला ख्रिस्त मनुष्य होऊन आमच्यासाठी दूध झाला, त्याच्या देहाच्या स्तनातून पिऊन देवाचे वचन खाण्यापिण्याची आम्हाला सवय लागावी म्हणून. या मांडणीत दूध म्हणजे देहधारणच आहे. सिरियाक भाषेत जतन झालेल्या 'शलमोनाच्या ओव्या' या जुन्या ख्रिस्ती गीतसंग्रहाच्या एकोणिसाव्या गीतात तर पुत्र हा दुधाचा प्याला आहे, ज्याचे दूध काढले तो पिता आहे आणि ते काढणारा पवित्र आत्मा आहे. हे वाचून आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे होईल. पण यशयाच्या शेवटच्या अध्यायात यरुशलेमेच्या सांत्वनाच्या स्तनांचे दूध पिऊन तृप्त होण्याचे वचन आहे, आणि एकोणपन्नासाव्या अध्यायात देव स्वतःची तुलना अंगावर पिणाऱ्या मुलाला न विसरणाऱ्या आईशी करून, ती विसरली तरी मी विसरणार नाही, असे म्हणतो. पान्हा फुटणे हा आपला शब्द या वचनांशेजारी ठेवला, तर मराठी वाचकाला ते कळायला टीपेची गरज पडू नये.

आता उपासनेकडे वळते. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान लिहितो की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आल्यावर आम्ही दूध आणि मध यांचे मिश्रण चाखतो, आणि त्या दिवसापासून आठवडाभर रोजचे स्नान वर्ज्य करतो. हिप्पोलितच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या विधिग्रंथात नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना भाकरीनंतर पाण्याचा, दूधमधाचा आणि द्राक्षारसाचा असे प्याले दिले जातात, आणि दूधमधाचा अर्थ असा सांगितला आहे की पूर्वजांना दिलेले दुधामधाच्या देशाचे वचन येथे पुरे झाले. ख्रिस्ताने आपला देह दिला आणि त्यावर विश्वासणारे लहान मुलांप्रमाणे पोसले जातात. रोममध्ये योहान नावाच्या डीकनाने, म्हणजे मंडळीच्या सेवकाने, सुमारे 500 साली लिहिलेल्या एका पत्रातही पुनरुत्थान सणाच्या वेळच्या या प्याल्याचे असेच स्पष्टीकरण आहे. उत्तर आफ्रिकेच्या धर्मसभेने एक मर्यादा मात्र घातली : दूधमधाला वेगळा आशीर्वाद द्यावा, म्हणजे प्रभूच्या शरीररक्ताशी त्याची गल्लत होणार नाही. या विधीतली माणसे कोण होती, हे डोळ्यांसमोर आणा. त्यांत कितीतरी प्रौढ होते : व्यापारी, गुलाम, विधवा. दोन-तीन वर्षे शिक्षण घेऊन ती पाण्यात उतरली होती, आणि त्या शिक्षणाच्या शेवटी त्यांच्या हाती दूध ठेवले गेले. आपण दूध आरंभी ठेवतो आणि ते लवकर संपावे अशी घाई करतो.

आपल्या पाठांत जी दोन नावे मला अजून कोठेही सापडलेली नाहीत, ती येथे नोंदवते. कार्थेज येथे 203 च्या मार्च महिन्यात पर्पेतुआ आणि फेलिसितास यांना इतर सोबत्यांसह विश्वासासाठी रिंगणात मारण्यात आले. पर्पेतुआ सुमारे बावीस वर्षांची, चांगल्या घराण्यातली, अंगावर पिणारे मूल असलेली बाई होती आणि तिचा बाप्तिस्मा पहाऱ्यात असतानाच झाला. म्हणजे आपल्या हिशेबाने ती दोन्ही अर्थांनी दुधाची. तुरुंगातील तिचे लिखाण तिच्याच शब्दांत उरले आहे. मूल भुकेने कोमेजले होते, ते जवळ ठेवू दिल्यावर तुरुंग मला महालासारखा झाला, असे ती लिहिते. मग तिला दृष्टान्त होतो : शस्त्रे टांगलेली उंच शिडी चढून ती एका मोठ्या बागेत पोहोचते, तेथे पांढऱ्या केसांचा, मेंढपाळाच्या वेषातला एक पुरुष मेंढ्यांचे दूध काढीत बसला आहे, तो मान वर करून, 'बरे झाले आलीस, बाळ' असे म्हणतो, आणि तेथे लॅटिन मजकुरात 'बाळ' हा शब्द ग्रीकच ठेवलेला आहे. काढत असलेल्या दुधाच्या चक्क्याचा एक घास तो तिला देतो, ती जोडलेल्या हातांत घेऊन खाते, भोवतीचे सर्व 'आमेन' म्हणतात, आणि जाग येते तेव्हा काहीतरी गोड ती अजून चघळत असते. या घासावरून, आता मरण यायचे आहे, हे तिने आणि तिच्या भावाने ओळखले. फेलिसितास ही गुलाम होती. आठव्या महिन्यात तुरुंगात तिला मुलगी झाली आणि एका ख्रिस्ती बहिणीने ती आपली म्हणून वाढवली. रिंगणात आणले तेव्हा बाळंतीण फेलिसितासच्या अंगातून दूध ठिबकत असलेले पाहून जमावालाही शहारे आले, असे वृत्तांत सांगतो. विश्वासाच्या कोणत्या इयत्तेत या दोघींना बसवायचे, हे मला कोणत्याही समितीने सांगावे.

उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्तीनच्या काळातही, 'तुम्हाला अजून झेपणार नाही' या प्रभूच्या शब्दांच्या आडोशाने गुप्त शिकवण असल्याचा दावा करणारे होते. योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत तो त्यांना सांगतो की वधस्तंभावरचा ख्रिस्त हाच तान्ह्यांचे दूध आणि हाच वाढलेल्यांचे अन्न. एकच गोष्ट सर्व ऐकतात आणि ज्याला जेवढी पेलते तेवढी तो घेतो. स्तोत्रांवरील विवेचनात तो म्हणतो की बाळ भाकर खाऊ शकत नाही, म्हणून आई ती भाकर खाते, आपल्या देहातून तिचे दूध करते आणि तीच भाकर बाळाला देते. आपल्या घरांत उष्टावण झाले म्हणून कोणी त्याच दिवशी मुलाचे दूध तोडत नाही. अन्न आणि दूध कितीतरी महिने सोबत चालतात, आणि त्या मुलाला कोणी मागासलेले म्हणत नाही.

पुढच्या शतकांत ही प्रतिमा मरियेकडे अधिक गेली. इजिप्तच्या मठांतील बाळाला पाजणाऱ्या मातेची चित्रे आणि बेथलेहेमची दुधाची गुहा ही त्याची साक्ष आहे. मरियेचे दूध म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अवशेषांचा बाजार मांडला गेला, तेव्हा 1543 साली प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने त्यावर कठोर टीका केली आणि ती योग्य होती. पण आम्हा प्रोटेस्टंटांच्या घरातून अवशेषांबरोबर ही प्रतिमाच बाहेर गेली, याचे मला वाईट वाटते.

मराठीत या गोष्टीचा वारसा आहे. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील नवख्रिस्ती लोकांसाठी, त्यांना ओळखीच्या ओवीत रचलेले आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृतातल्या पांडित्यासाठी 'सरस्वती' ही पदवी मिळालेली होती. त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षे, खेड्यातल्या साध्या बायकांना वाचून कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणण्यात घालवली आणि 1922 साली त्या वारल्या. ऑगस्तीन ज्या आईबद्दल बोलतो, भाकर खाऊन तिचे दूध करणाऱ्या, ती रमाबाईंच्या रूपाने केडगावला होऊन गेली आहे. एवढ्या विद्वान बाईने आपले सारे ज्ञान ज्यांच्यासाठी खर्चले, त्यांनाच आपण खालच्या गटात बसवतो.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. ज्या मंडळ्यांत दुधाचे आणि जड अन्नाचे असे गट आहेत, त्यांनी ते मोडावेत. वयाप्रमाणे, भाषेप्रमाणे, सवडीप्रमाणे वर्ग जरूर असावेत, पण आत्मिक दर्जाच्या नावाखाली नसावेत, आणि कोणत्याही सभासदापासून झाकून ठेवलेला पाठ तर मुळीच नसावा. 1 करिंथचा तिसरा अध्याय शिकवताना तो चौथ्या वचनापर्यंत तरी वाचावा, आणि बाप्तिस्मा वर्गाचा पहिला पाठ 1 पेत्र 2:1-3 हा असावा. पर्पेतुआ आणि फेलिसितास यांचा वृत्तांत मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठ्याने वाचावा. तो एका बैठकीत पुरा होतो. यशयाचा सहासष्टावा अध्याय शिकवायचा असेल तेव्हा वर्गातील मातांना आधी बोलू द्यावे, कारण आम्ही शिक्षक जे पुस्तकातून सांगतो ते त्यांना अंगाने ठाऊक आहे. आणि ज्या मंडळ्यांच्या नियमांत बसत असेल, त्यांनी पुनरुत्थानदिनी बाप्तिस्मा झालेल्यांना दूधमधाचा प्याला द्यावा. प्रभुभोजनात नको, आफ्रिकेच्या धर्मसभेचा विवेक पाळून त्यानंतरच्या प्रीतिभोजनात द्यावा, आणि त्या दिवशी मंडळीतील सर्वांत जुन्या सभासदांनीही तो घ्यावा.

पहिल्या पाठाचे टिपण मी मराठीत तयार केले आहे. त्यात वर दिलेली चारही स्थळे ग्रीक शब्दांच्या देवनागरी उच्चारांसह आहेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो पाठ तोंडी कसा घ्यावा तेही लिहिले आहे. ज्या मंडळीला किंवा धर्मग्रामाला ते हवे असेल, तिने मागावे. आणि शास्त्राच्या आधारे ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल, त्यांनी तेही असेच उघडपणे लिहावे, म्हणजे येत्या उपवासकाळाचे वर्ग सुरू होण्यापूर्वी त्यावर बोलता येईल.

आपली नम्र,
बाप्तिस्मा वर्गाची एक शिक्षिका